२१ दिवसांची उपासप्रार्थना आणि मधुमेहाच्या गोळ्या: उपास नेमका कशाने मोडतो?

अंजीरझाड (प्रश्न)

माझे वय ४६ आहे आणि ६ वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी न्याहारीबरोबर ग्लिमेपिराइड अशी औषधे चालू आहेत. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पुढील महिन्यात २१ दिवसांची उपासप्रार्थना ठरली आहे. पहिले १८ दिवस सूर्यास्तानंतर एकदाच जेवायचे आणि अखेरचे ३ दिवस केवळ पाण्यावर राहायचे, असे तिचे स्वरूप आहे. सहभागी व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु गेल्या वर्षीचा अनुभव पाहता थोडी भीतीही वाटते.

गेल्या वर्षी मी ५ दिवस पाण्यावर राहिलो होतो. गोळ्यांबाबत कोणालाच विचारले नाही. कधी घेतल्या, कधी टाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गुडघे टेकून प्रार्थना करत असताना हाताला कंप सुटला आणि मानेवर गार घाम आला. यंत्रावर साखर तपासली तर ६२ निघाली. खिशात साखरेची पुडी होती. ती तोंडात टाकावी की आधी प्रार्थना पूर्ण करावी, या विचारात माझी दहा मिनिटे गेली, आणि त्या दहा मिनिटांत मी देवाशी एक शब्दही बोललो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. अखेर साखर खाल्ली. पुढे गटातील एका ज्येष्ठ व्यक्तीला हे सांगितले तेव्हा ‘विश्वास उणा पडला’ एवढेच उत्तर मिळाले. ते अजूनही बोचते.

चौथ्या दिवशी मात्र भूक जवळजवळ नाहीशी झाली, अंग हलके वाटू लागले, मन विलक्षण स्वच्छ झाले, आणि नेहमीचीच स्तोत्रे वाचताना डोळे भरून येऊ लागले. सहाव्या दिवशी सगळ्यांबरोबर भरपेट जेवून उपास सोडला. त्यानंतर दोन दिवस पाय इतके सुजले होते की बूट चढेना, आणि जिना चढताना छातीत धडधडत असे.

मला विचारायचे आहे ते असे. औषध घेतल्याने किंवा साखर खाल्ल्याने उपास मोडतो का? चौथ्या दिवशीची ती स्वच्छता पवित्र आत्म्याची होती की केवळ उपाशी शरीराची? आणि माझ्यासारख्याने या २१ दिवसांत सहभागी व्हावे की नाही?

रात्रपाळी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि श्रद्धावंतही आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा धार्मिक भाग इतरांवर सोडतो आणि शरीराचे सांगतो.

जेवण थांबल्यावर शरीर प्रथम यकृतात साठवलेले ग्लायकोजेन वापरते. हा साठा साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि सुमारे एका दिवसात संपत येतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. पहिल्या तीन-चार दिवसांत वजनकाटा जो भराभर खाली येतो, तो मुख्यतः या पाण्यामुळे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते तीही त्याच कारणाने. त्यानंतर चरबीपासून कीटोन तयार होऊ लागतात आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर चालायला शिकतो. उपास बराच लांबला तर मेंदूची अर्ध्याहून अधिक गरज कीटोनच भागवतात. उपासाच्या आरंभी नॉरअॅड्रेनलिन हे शरीराला सावध ठेवणारे संप्रेरकही वाढते. भूक मरणे, झोप कमी होणे आणि जाणिवा तीक्ष्ण झाल्यासारखे वाटणे हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकांना जाणवते, मग ते प्रार्थना करत असोत वा नसोत.

याचा अर्थ तुमची प्रार्थना खोटी होती असा मुळीच होत नाही. शरीरात काय घडले ते मी सांगू शकतो. त्या शांततेत तुम्हाला कोण भेटले, हे मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. इतकेच म्हणेन की केवळ हलके वाटले म्हणून ती देवाची भेट मानू नका, आणि हलके वाटले नाही तर देव दूर गेला असेही समजू नका.

आता धोक्याचा भाग, आणि येथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. ग्लिमेपिराइड हे औषध तुम्ही जेवलात की नाही याची वाट पाहत नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. सकाळी ही गोळी घेऊन सूर्यास्तापर्यंत काहीच न खाणे म्हणजे साखर उतरण्याची व्यवस्था स्वतःच्या हाताने करणे होय. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर इतकी खाली जाण्याची शक्यता कमी असते, म्हणून दोन्ही गोळ्यांना एकच नियम लावता येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेत असतील, तर त्यांच्यासाठी लांबचा उपास निराळ्या कारणाने घातक आहे, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. इन्सुलिन, लिथियम, रक्तदाबाची पाणी काढणारी औषधे यांचेही प्रत्येकाचे वेगळे हिशेब आहेत. कोणती गोळी थांबवायची, कोणती संध्याकाळच्या जेवणाकडे सरकवायची, हे उपासाच्या किमान दोन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. ते काम येथे बसून मी करणार नाही आणि इतर कोणीही करू नये.

साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. तुमची ६२ होती. त्या दहा मिनिटांत ती आणखी उतरली असती, तर पुडी कुठे ठेवली आहे हेही तुम्हाला आठवले नसते.

पाय सुजले ते उपासामुळे नव्हे, उपास सोडण्याच्या पद्धतीमुळे. अनेक दिवसांनी एकदम पिठूळ आणि गोड अन्न पोटात गेले की इन्सुलिन उसळते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि पाणी पायात उतरते. त्याच वेळी फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. ते फार खाली गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर उपाशी युद्धकैद्यांना अन्न देताना हे भयंकर रूपात दिसले होते. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला हा धोका असतो असे मानून डॉक्टर सावध होतात. तुम्ही त्या उंबरठ्यावरच होता.

उपासाचे शारीरिक लाभ नाहीतच असे मात्र नाही. क्रीट बेटावरील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल उपासकाळाच्या अखेरीस कमी आढळले. २०१० मध्ये मेम्फिस येथील संशोधकांनी ‘दानीएलचा उपास’ म्हणून ओळखला जाणारा २१ दिवसांचा शाकाहार ४३ जणांवर तपासला, तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरले. पण तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉलही त्याबरोबर उतरले. शिवाय हे दोन्ही उपास उपाशी राहण्याचे नव्हते, काही पदार्थ सोडण्याचे होते. आजकाल प्रवचनांतही ‘ऑटोफॅजी’ (पेशींनी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरणे) हा शब्द ऐकू येतो. त्या विषयातील २०१६ चे नोबेल पारितोषिक योशिनोरी ओसुमी यांना यीस्टच्या पेशींवरील कामासाठी मिळाले होते. तीन दिवस उपाशी राहिल्याने मधुमेह धुऊन निघतो असे त्यातून सिद्ध होत नाही.

जुना_द्राक्षमळा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मंडळीच्या इतिहासात अनेकदा दिले गेले आहे. कॅथलिक परंपरेत ख्रिस्तशरीर ग्रहण (कम्युनियन) करण्यापूर्वी एक तास काही खायचे नसते. तेथे मंडळीच्या कायदेसंहितेनेच (कॅनन लॉ) स्पष्ट केले आहे की पाणी आणि औषध यांनी हा उपास मोडत नाही, आणि वृद्ध व आजारी यांना तर ती अटही लागू नाही. पूर्वी हा नियम मध्यरात्रीपासूनचा होता आणि पाण्याचा घोटही चालत नसे; १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये तीन तास झाले आणि १९६४ मध्ये एक तास. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशींचा उपाससुद्धा १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंतच्यांनाच बंधनकारक आहे. ज्या परंपरेला आपण सर्वांत नियमबद्ध म्हणतो, तिनेच आजाऱ्याला प्रथम बाहेर काढले आहे.

शास्त्राकडे पाहिले तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात प्रभू येशूने उपासाबद्दल दिलेली सूचना फार थोडक्यात आहे: तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, आणि जे करायचे ते गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासमोर करा. किती दिवस, किती तास, पाणी प्यावे की नाही, यांतले काहीच तेथे नाही. आता आपल्या २१ दिवसांकडे पाहा. गटावर रोज कोण कितव्या दिवसावर आहे याची नोंद होते, अखेरपर्यंत टिकलेल्यांची नावे वाचली जातात. तुमच्या मंडळीत असे होते की नाही ते मला ठाऊक नाही; मी पाहिलेल्या दोन ठिकाणी होत असे. येशूच्या दाखल्यातला फरुशी (कर्मठ धार्मिक माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करतो हे आपल्याला कळते ते त्याने स्वतःच सांगितले म्हणून.

‘डिडाखे’ हे अगदी आरंभीच्या काळातले लेखन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायला सांगते. नायसिया येथे ३२५ साली भरलेल्या मंडळीच्या परिषदेच्या नियमांत पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. पूर्वेकडच्या मंडळ्यांत हे उपास वर्षाकाठी १८० दिवसांच्याही पुढे जातात. इतका दीर्घ अनुभव असलेल्या या परंपरेतले वाळवंटातले साधू काय सांगत? अब्बा पोएमेन यांच्या नावावर असलेला सल्ला असा आहे की दोन-तीन दिवस सलग उपाशी राहण्यापेक्षा रोज जेवावे, पण पोट भरण्याआधी उठावे. त्यांनी मोठे उपास करून पाहिले होते, आणि मगच ते या हलक्या मार्गाकडे वळले. मोठ्या उपासाने माणूस स्वतःवरच खूष होतो. रोज थोडे कमी खाण्याचे कौतुक कोणी करत नाही, म्हणून ते अधिक कठीण जाते.

आणि बायबलमधील यशया संदेष्ट्याचा अट्ठावन्नावा अध्याय एकदा सावकाश वाचावा. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू पाहिला नाहीस. उत्तर येते की उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना राबवता आणि भांडता. मला हवा तो उपास म्हणजे जोखड सोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे. चौथ्या शतकात बिशप बासिलनेही आपल्या प्रवचनात याच धर्तीवर सुनावले होते की तुम्ही मांस खात नाही, पण भावाला खाता. तिसऱ्या दिवसाच्या भुकेने चिडून घरच्यांवर खेकसणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे लागू आहे. मीही त्यात आलो.

मीठ_आणि_दिवा

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु ती वाचून असे वाटते की उपास हा आता पथ्याचा तक्ता झाला आहे. मोशे चाळीस दिवस भाकर आणि पाणी दोन्हींवाचून राहिला. एस्तेर राणीने आपल्या लोकांना तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करायला सांगितले. या जातीचे भूत प्रार्थना आणि उपास यांवाचून निघत नाही, असे प्रभूनेच म्हटले आहे. ज्याची काही किंमत मोजावी लागत नाही तो उपास कसला? माझ्या आईच्या आजारपणात मी सात दिवस उपास केला. ती वाचली नाही. पण त्या सात दिवसांत मी तिच्या उशाशी जसा बसलो तसा जेवूनखाऊन बसू शकलो नसतो, हे मला माहीत आहे. ते कोणत्या रसायनाने झाले याच्याशी मला कर्तव्य नाही.

जुना_द्राक्षमळा

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटले, आणि त्या सात दिवसांबद्दल मी काहीही बोलणार नाही. किंमत मोजावी लागते हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

वचनाविषयी मात्र एक गोष्ट नोंदवतो. मार्काच्या नवव्या अध्यायातील भुताविषयीच्या त्या वाक्यात ‘आणि उपास’ हे शब्द काही अतिशय जुन्या व महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. तेथे केवळ प्रार्थनेचाच उल्लेख आहे. मत्तयातील तशाच आशयाचे संपूर्ण वाक्य त्या हस्तलिखितांत आढळत नाही, म्हणून अनेक आधुनिक भाषांतरांत ते तळटीपेत गेले आहे. हे शब्द पुढे नकलाकारांनी घातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि चाळीस दिवसांची गोष्ट निघालीच आहे तर संदेष्टा एलीयाही आठवावा. तो झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपास करायला सांगितले नाही. ऊठ आणि खा, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, असे सांगून दोनदा जेवू घातले, आणि मग तो चाळीस दिवस चालला.

परतलेली

या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, म्हणून लिहिते. विशीत असताना मी तीन वर्षे उपासाच्या नावाखाली स्वतःला उपाशी मारत होते. लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासकाळाचे) चाळीस दिवस संपले की मी आणखी एखादे कारण शोधत असे. सगळे माझ्या भक्तीचे कौतुक करत, आणि मला फक्त आरशात मनगटाचे हाड किती वर आले आहे ते पाहायचे असे. माझी पाळी बंद झाली, केस गळू लागले, तरी कोणी विचारले नाही, कारण उपास या शब्दापुढे कोणी प्रश्न करत नाही. सिएनाची संत कॅथरिन १३८० मध्ये ३३ व्या वर्षी वारली. तिच्या अन्नत्यागाबद्दल मी तेव्हा भारावून वाचत असे. तिच्या जवळच्या धर्मगुरूंनी तिला खाण्याचा आग्रह केला होता, ही गोष्ट मात्र मी वाचूनही सोडून देत असे.

आज माझ्या समुपदेशकांनी आणि पाळकांनी मिळून मला अन्नाचा उपास पूर्णपणे मना केला आहे. लेंटमध्ये मी दुपारचे जेवण कोणाबरोबर तरी बसून, ताट पूर्ण करून जेवते. माझ्यासाठी तोच उपास आहे, आणि वरच्या सभासदांनी ज्या किमतीबद्दल लिहिले ती मी रोज दुपारी एक वाजता मोजते. ज्यांचा अन्नाशी असा इतिहास आहे, तसेच गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यांना गटाच्या उपासात ओढू नये. आणि त्यांना नकाराचे कारण चारचौघांत सांगायला लावू नये.

अंजीरझाड

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून आलो. पाण्यावरचे तीन दिवस त्यांनी साफ नाकारले. उरलेल्या १८ दिवसांसाठी ग्लिमेपिराइड थांबवून मेटफॉर्मिन संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितले आहे. दिवसातून चार वेळा साखर तपासायची आणि ७० च्या खाली आली तर त्या दिवसाचा उपास तेथेच संपवायचा, अशी अट आहे. रविवारी उपास नाही, हे मी स्वतःहून मागून घेतले, कारण पश्चिमेकडच्या परंपरेत लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत असे वाचले.

पाळकांशीही बोललो. अखेरचे तीन दिवस मी जेवून प्रार्थनेला येईन, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की त्यांनाही रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी त्या त्यांनी कोणाला न सांगता घेतल्या होत्या. या वेळी पहिल्याच सभेत ते हे उघड बोलणार आहेत. ज्या ज्येष्ठांनी मला ‘विश्वास उणा’ म्हटले होते, त्यांच्याशी बोलणे अजून जमलेले नाही.

दुपारच्या जेवणाचा रोजचा खर्च बाजूला ठेवून त्यातून कोणाला तरी जेवण द्यावे असे ठरवले आहे. यशया वाचल्यावर ते सोडून पुढे जाता येईना.

एक शंका उरली. रोज संध्याकाळी उपास सोडताना काय आणि किती खावे?

रात्रपाळी

तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितले आहे. रोज सोडायच्या उपासात गेल्या वर्षीसारखी सूज येण्याचे कारण नाही, मात्र दिवसभराची भूक एका ताटात भरून काढली तर रात्री साखर २५० च्या वर गेलेली दिसू शकेल. आधी पाणी प्यावे, थोडेसे खाऊन अर्धा तास थांबावे, मग भाज्या आणि प्रथिने अधिक व पिठूळ पदार्थ बेताने घेऊन सावकाश जेवावे. दिवसभरात पाणी भरपूर प्या. चहा-कॉफीची सवय असेल तर ती आठवडाभर आधीपासून हळूहळू कमी करा. पहिल्या दोन दिवसांतली डोकेदुखी बऱ्याचदा भुकेची नसून कॅफीन तुटल्याची असते, आणि लोक उगाच ती सैतानाच्या माथी मारतात. साखरेची पुडी मात्र या वेळीही खिशातच असू द्या.

अंजीरझाड

दोन ठेवल्या आहेत. एक माझ्या खिशात आणि एक प्रार्थनेच्या वेळी शेजारी बसणाऱ्या मित्राकडे, कारण मी पुन्हा दहा मिनिटे विचार करत बसलो तर तो बसणार नाही.